सभेला येईल तो पालक

— अहो एजे, बूट आत घ्या, बाहेर नका ठेवू, कुत्र्याचं पिलू पळवून नेतं, परवा पोस्टातल्या बाईंचा एक बूट पार ओढ्यात सापडला — या, बसा, वर गादीवर बसा, थोरली बहीण म्हणून एजे म्हणते, दाराशी बसायला तुम्ही काय परक्या आहात का — मी उठत नाही हं, हात चक्क्यानं बरबटलेत, हे कुरुतचे गोळे आज वळून उन्हात टाकले नाहीत तर सगळा चक्का फुकट, आणि उद्या ऊन असेल की नाही कोण सांगणार. हात गुंतलेत पण कान मोकळे आहेत. चहा तयारच आहे, हात पुसून ओतते — बोला. नाही, थांबा. तुम्ही नकाच बोलू. तुम्ही कशाला आलात ते मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे तुम्हालाही ठाऊक आहे, मग उगाच गाईगुरांची चौकशी, गवत किती झालं, नवऱ्याचा फोन येतो का — रीत म्हणून करूया हवं तर, पण त्यात चहा गार होईल. गाई बऱ्या आहेत. गवत कापून झालं. कुबान मॉस्कोतच आहे, टॅक्सी चालवतो, शुक्रवारी फोन करतो. झालं?

बाकी एक सांगू, तुम्हाला असं माझ्या घरात बसलेलं बघून मला फार बरं वाटतंय. खोटं कशाला बोलू. दर ऑगस्टात तुम्ही गावात फेरी मारता, पहिलीला कुठली कुठली पोरं आहेत ते बघायला — इतकी वर्षं बघतेय मी, आमच्या फाटकाशी तुमचं पाऊल कधी थांबलं नाही. रस्त्यातूनच हाक — ‘आहे का गं कुणी सहा-सात वर्षांचं?’ — आणि उत्तर यायच्या आत तुम्ही पुढच्या फाटकाशी. आज आत आलात. नान घेऊन आलात, स्वतः भाजलेला दिसतोय, वर रुमालात बांधून मिठाई. रिकाम्या हातानं आपल्यात कुणी कुणाकडं जात नाही हे मलाही कळतं, पण हा नान मोठा आहे, एजे. एवढा मोठा नान माणूस सोयरीक मागायला जाताना नेतो. तर मागायलाच आलात ना? माझ्या पेरीला, पेरिझातला. चौदा पोरं झालीत तुमची, पंधरावं मिळत नाही. पंधरा नसली तर पहिलीचा वर्ग उघडायचा नाही, पहिली नाही उघडली तर शाळा पल्याडच्या गावाच्या शाळेची शाखा होणार, आणि शाखेला इतके मास्तर लागत नाहीत. बघा, सगळं पाठ आहे मला. अख्ख्या शाळेचं घोडं माझ्या एका पोरीपाशी येऊन अडलंय. अंथरुणाला पाठ टेकली की मी हे मनात घोळवते, आणि मग कशी गाढ झोप लागते म्हणून सांगू.

काय? हळू बोलू? का हो — त्या आत आहेत म्हणून? ऐकू द्या की. डावा कान गेलाय, उजवा शाबूत आहे, आणि उजव्या कुशीवर त्या कधी निजत नाहीत, मुद्दाम. माझ्या सासूबाईंना काही कमी नाही या घरात, विचारा हवं तर. पहिला पेला त्यांना, मऊ मांस त्यांना, गुडघ्यांना चरबी मी स्वतः चोळते. फक्त बोलत नाही. दोन वर्षं झाली. ‘चहा’ म्हणते, ‘ऊन आलं’ म्हणते, बस्स. गावातल्या बायका म्हणतात, अनिपासारखी सून मिळायला नशीब लागतं. लागतंच.

मान खाली घालू नका, मी काही भांडत नाहीये. भांडायचं असतं तर फाटकातच भांडले असते, चार लोकांसमोर. मी आपली आठवण काढतेय. माझ्या नूरसुलूची. तुमची लाडकी ना ती? पहिलीपासून नववीपर्यंत तुमच्याच हाताखाली — आपल्या शाळेत मास्तर कमी, म्हणून पहिलीलाही तुम्ही आणि नववीलाही तुम्हीच — तुम्हीच मला फोनवर सांगायचात, अनिपा, मी फळ्यावर गणित लिहून मागं वळेपर्यंत तुझ्या पोरीचं सोडवून झालेलं असतं. मी मॉस्कोत बिस्किटांच्या कारखान्यात खोकी चिकटवत उभी असायची, आणि असा फोन आला की त्या दिवशी हात असे चालायचे, की शेजारची उझबेक बाई विचारायची, तुला काय लॉटरी लागली का. लागलीच होती. मी तिला म्हणायची, माझी पोरगी मोठ्या शाळेत जाणार, आणि मग मोठ्या शहरात, आणि मग कुणी तिला खोकी चिकटवायला उभं करणार नाही. ती म्हणायची, कितवीत आहे? मी म्हणायची, सातवीत. ती हसायची. हसू दे.

हो हो, पहिलं पोर म्हाताऱ्यांचं — मला नका सांगू, मी काही बाहेरून आलेली नाही, माझा थोरला भाऊही आजीच्या कुशीतच वाढला. रीत आहे. पहिलं पोर अंगावरचं सुटलं की आजी-आजोबांच्या पदरात घालायचं. ते पोर आजीला आई म्हणणार, तिच्याच पांघरुणात निजणार, आणि सख्ख्या आईला वहिनी म्हणणार, कारण घरातले दीर तसंच म्हणतात. मी घातली पदरात. सगळ्याच घालतात. पण पोर दिलं म्हणजे पोराच्या शाळेचा शब्दही देऊन टाकला, असं मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मी खर्चाला पाठवत होते, वह्यांना पाठवत होते, बुटांना पाठवत होते — मला वाटायचं, ज्याचे बूट त्याचा थोडातरी शब्द असेल. नव्हता.

मग ती नारिन शहरातली शाळा आली. गणितात हुशार असलेली पोरं तिथं ठेवून घेतात, राहायचं-जेवायचं सगळं तिथंच. त्या वर्षी आपल्या भागातली दोनच पोरं निवडली, त्यात एक आपली. आपल्या गावातून याआधी कोण गेलं होतं? कुणी नाही. आणि तुम्ही काय केलंत — सासूबाईंना सभेला बोलावलंत. बरोबरच आहे, आजी म्हणजे आईच, रीतीप्रमाणं. त्या आल्या, म्हणाल्या, वसतिगृहात पोरी बिघडतात, आणि गेली तर गाईंच्या धारा कोण काढणार. झालं. तुम्ही मान डोलावलीत. त्या फोनवरच्या गटात मी होते, पालकांच्या, तिथं एक अक्षर नाही आलं. कसं येणार, मला काढून टाकलं होतं ना गटातून, माझ्या जागी शेजारणीचा नंबर घातला होता, सासूबाईंकडं फोन नाही म्हणून. मला कळलं तेव्हा तिच्या जागी दुसरं नावसुद्धा जाऊन पोचलं होतं.

मी फोन केला तुम्हाला. जेवणाच्या सुट्टीत, कारखान्याच्या जिन्यात उभी राहून, पेरी तेव्हा एवढीशी, ती खोलीवर दुसऱ्या बाईपाशी. मी म्हटलं एजे, मी आई आहे तिची, मी सांगते, तिला पाठवा. आणि तुम्ही काय म्हणालात — नाही, तुम्हाला आठवत नसेल, तुम्हाला कशाला आठवेल, मला मात्र तुमच्या मागं पोरं पाढे म्हणत होती तेही आठवतं. तुम्ही म्हणालात, ‘अनिपा, सभेला येईल तो पालक. तू येतेस का सभेला?’ आणि हसलात. वाईट नाही हसलात. आपलं असंच, हट्टी पोराला समजावताना हसतात तसं. शिवी दिली असतीत ना, तर मी विसरले असते. ते हसणं मला आजही गिळवत नाही. मी जिन्यात फोन धरून उभी, पासपोर्ट मालकाच्या कपाटात, आणि तुम्ही विचारताय, येतेस का सभेला.

तिची जागा मग तुमच्या भाचीला मिळाली. लोक म्हणतात, त्यासाठीच केलंत. मी नाही हं म्हणत. कुणी म्हटलं तर उलट मीच गप्प करते — म्हणते, एजे तशा नाहीत. पण भाची गेली खरी. आता बिश्केकला असते ना, बँकेत? चांगलं झालं. कुणाचं तरी झालं.

घ्या, कुरुत घ्या एखादा, ओला आहे अजून, पण चव आलीय. नको? बरं. आणि माझ्या पोरीचं काय, तर नववी झाली आणि घरी. धारा काढ, हे असे गोळे वळ, गोवऱ्या थाप. अठरावं सरलं आणि घाटापलीकडं दिली. जावई वाईट नाही, एर्मेक, मेंढ्या आहेत, पीत नाही, हात उगारत नाही. लग्नाला आले मी, पेरीला घेऊन, रेल्वेत बसून बसून पाय खांबासारखे सुजले होते. आणि वराकडची माणसं दुधाचा मान घेऊन आली — आईनं दूध पाजलं त्याचा मान — मखमलीचा कोट, वर शाल. तुम्ही होतात पंगतीला. तुम्ही बघितलंत तो कोट कुणाच्या खांद्यावर पडला. मी मटणाचं ताट घेऊन उभी होते, दोन्ही हात गुंतलेले, मला वाटलं आता कुणीतरी माझ्या हातातलं ताट घेईल. तो कोट सासूबाईंना घातला. दूध माझं, कोट त्यांचा. कुणाला काही वावगं वाटलं नाही. तुम्ही तर आशीर्वाद दिलात वर, चांगला लांबलचक. तो कोट आत खुंटीला आहे, बघायचाय? त्या थंडीत घालतात. मीच झटकून देते.

त्या दिवशी ठरवलं, आता परत जायचं नाही. कुबान म्हणाला, वेडी झालीस का, तिथं हातातोंडाशी गाठ पडते, इथं काय करणार. मी म्हटलं, सभेला जाणार. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. आठवतं, मी पहिल्यांदा आले ती सभा? पुढच्या बाकावर बसले, तो पोरांचा बाक, गुडघे मावत नव्हते, तरी बसले. तुम्ही म्हणालात, अनिपा, तुझं तर शाळेत कुणीच नाही. मी म्हटलं, येईल. तुम्ही परत तसंच हसलात. पण मग मी दर सभेला यायला लागले, आणि तुमचं हसणं कमी कमी होत गेलं, बघितलं मी. कोळसा किती आला आणि वर्गात थंडी का — विचारलं. गणिताला वेगळा मास्तर का नाही — विचारलं. पोरींनी बर्फात अंगणापलीकडच्या संडासात जायचं, तुम्ही जाता का — हेही विचारलं, सगळ्या पुरुषांसमोर, ते आपले टोप्यांकडं बघत बसले. मॉस्कोहून परतलेल्या आम्ही चार-पाच जणी आहोत गावात. तिथं मुकादमाशी भांडून भांडून जिभेला धार येते. बाकीच्या बायका आमच्याकडं बघून बोलायला लागल्या. मग समितीवर मला घेतलं — घेतलं म्हणजे काय, दुसरं कुणी तयारच नव्हतं.

आणि मी बायकांना काय सांगितलं? खोटं काही नाही सांगितलं. मी म्हटलं, पोर तुमचं आहे. शाळेचं नाही, सासूचं नाही, नवऱ्याच्या भावांचंही नाही. तुम्ही निवडा. नदीपल्याड शाळा आहे, नवी आहे, संडास आत आहे, खोल्या उबदार आहेत, गाडी येते न्यायला. कुठल्या कायद्यात लिहिलंय, की जवळ आहे म्हणून हिलाच चिकटून बसायचं? एकदा बघून तर या. नेलं मी त्यांना, शेजाऱ्याच्या गाडीत दाटीवाटीनं बसून. त्या झुराला तर आयुष्यात कुणी ‘तुला काय वाटतं’ असं विचारलेलंच नव्हतं. तिथल्या मास्तरांनी विचारलं, मुलाला इथं घालायचं का, तुमचं काय मत — आणि ती बाई तिथंच दारात उभी राहून ढसाढसा रडली. मला वाटलं, बघ अनिपा, काय पुण्याचं काम करतेस. खरंच पुण्याचं आहे. एवढ्या चांगल्या कामातून सूडही निघतो हे आधी ठाऊक असतं, तर मी केव्हाच परत आले असते.

आता तिथंही गणिताला मास्तर नाहीच. आणि जानेवारीत पुलावर बर्फ साचलं की गाडी आठ-आठ दिवस येत नाही म्हणे. पण ते जाऊ द्या. ते मी बायकांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही.

काय? ... पहिली घंटा? पेरी वाजवणार? एक सप्टेंबरला, शाळा उघडते त्या दिवशी, वरच्या वर्गातल्या पोराच्या खांद्यावर बसून, सगळ्या शाळेसमोर? बरं. बरं बरं. लाच द्यायची तर ती नीट माहिती काढून द्यावी, हे तुम्हाला जमतं. नूरसुलूनं वाजवली होती, मी होते तेव्हा इथं. मागच्या रांगेत. पुढं सासूबाई. पण कुणी सांगितलं तुम्हाला, की पेरीला घंटा हवीय — तिनंच? कधी? रोज? ... रोज येते. मला म्हणते, झुराच्या पोरीशी खेळायला जाते. हं. म्हणजे उन्हाळाभर तुमच्या कुंपणाला लोंबकळत असते तर. तरीच. तरीच वासरांना ओळीत उभं करते आणि शिकवते. ‘हात बाकावर, पाठ सरळ, कोण बोललं मागं?’ — अगदी तुमचा आवाज, एजे, डोळे मिटले तर वाटेल तुम्हीच आहात गोठ्यात. मला आधी हसू यायचं. मी सांगते तिला, तू पल्याडच्या शाळेत जायचंस, तिथं खोल्या उबदार. तर म्हणते, ‘तिथं शारिपा एजे आहेत का?’ नाहीत, म्हटलं. ‘मग मला थंडी चालेल.’ परवा जेवली नाही. ताट ठेवलं मी तसंच झाकून. भूक लागली की जेवतं माणूस. काल सकाळी जेवली.

तिला विचार? — काय विचारू? सहा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं? पोरांना विचारून कुणी शाळा ठरवतं का, पोरांना काय कळतं, आज हे हवं, उद्या ते हवं, मोठ्यांनी ठरवायचं आणि — बघू नका असं माझ्याकडं. मी काय बोलले ते मलाही ऐकू आलं. पण नूरसुलू पंधराची होती. पंधरा म्हणजे सहा नव्हे. तिला विचारलं होतं कुणी? एकानं तरी? सांगा ना —

...

हो. माहीत आहे मला.

तुम्हाला काय वाटलं, ही बातमी तुम्ही मला देताय? इतका वेळ पदराआड धरून बसला होतात ती? सभेच्या आदल्या दिवशी तुम्ही तिला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलंत, विचारलंत, आणि ती नाही म्हणाली. माहीत आहे, एजे. तिनंच सांगितलं मला. वसंतात आली होती माहेरी, एकटीच, बाळ तिच्या सासूपाशी — पहिलंच ना. तुम्ही बसलात तिथंच बसली होती. मी अशीच बडबडत होते, की बघ, या शारिपा एजेंची कशी जिरवते मी, शाळाच रिकामी करते, तुझ्यासाठी. तर म्हणाली, ‘वहिनी, माझ्यासाठी नको काही. मला कुणी अडवलं नव्हतं. मीच नाही म्हटलं. आईला सोडून मी कशी गेले असते?’ आई म्हणताना तिनं आतल्या खोलीकडं बघितलं. सासूबाई झोपल्या होत्या, तर उठून गेली आणि त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. मग परत येऊन बसली, आणि मला म्हणाली, ‘चहा ओतू का, वहिनी?’

तर आता काय करू मी ते ऐकून? आणि तुम्ही का नाही सांगितलंत मला तेव्हा फोनवर — तिनं सांगू नका म्हटलं म्हणून? मला वाईट वाटेल म्हणून? केवढी माया. दोघींनी मिळून माझ्यावर माया केलीत. मला सांगा, आता मी रागवायचं कुणावर? नूरसुलूवर? रागवायला ती माझी आहे कुठं. यांच्यावर, आतल्या? यांनी काय केलं, तर पोरीला जीव लावला, इतका की तिला नारिन नको झालं, मॉस्कोतली आई नको झाली. याला गुन्हा म्हणतात का कुठं? मग राहिलं कोण? तुम्ही राहिलात. तुम्ही हसला होतात. भाचीचं जाऊ द्या, सभेचं जाऊ द्या, ते सगळं मी लोकांना सांगायला ठेवलंय. मला तेवढं हसणं पुरे आहे. कुणावर तरी काढायला नको का? छातीत घेऊन किती वर्षं खोकी चिकटवायची माणसानं?

आणि पेरीला शिक्षा कसली त्यात? शाळेतच घालतेय ना, विहिरीत तर ढकलत नाहीये. जाईल पल्याड. रडेल, मग सवय होईल. तिथं ज्या बाई असतील त्या असू देत, लांबच्या आहेत, संध्याकाळी गाडीतून पोर परत माझ्याकडंच येणार. इथं तुमच्यापाशी सोडली तर — तुम्ही चांगल्या शिकवता, तेच तर. पोरं तुमच्या मागं मागं फिरतात. आत्ताच तिच्या तोंडात दिवसभर तुम्ही, पुढं नऊ वर्षं तुम्ही, आणि मी आपली ताट झाकून बसायचं? एक दिली मी, एजे. रीतीप्रमाणं दिली, हूं का चूं केलं नाही. ही नाही देणार. कुणालाच नाही. तुम्हाला तर नाहीच.

पेला आणा इकडं. हं, घ्या. काठोकाठ भरलाय, सांडेल, जपून धरा. आपल्यात पाहुण्यानं उठावं असं वाटलं की काठोकाठ पेला देतात, तुम्हाला ते मी शिकवायला नको. नाही प्यायलात तरी चालेल. चौदा पोरं घेऊन काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

आणि जाताना एक करा, ही एवढी एक गोष्ट माझ्यासाठी करा. फाटकाशी पेरी उभी असेल, सकाळी तुम्ही वरच्या आळीत दिसलात तेव्हापासून वेणी घालून उभी आहे. तिच्याशी थांबून बोलू नका. डोक्यावरनं हात फिरवू नका. सरळ निघून जा. तिला वाटतंय, तुम्ही तिला न्यायला आलात.